एंजल आयलंड इमिग्रेशन स्टेशन

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर 1910 ते 1940 या काळात चाललेले अमेरिकन सरकारचे ठाणे. प्रशांत महासागर ओलांडून येणाऱ्यांची येथे तपासणी होई आणि संशयितांना डांबून ठेवले जाई. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील अशाच ठाण्याशी त्याची जोडी लावण्याची रीत आहे, पण ती दिशाभूल करणारी आहे. एलिस बेटावर उतरलेली बहुतेक युरोपीय माणसे काही तासांत मोकळी होत. येथे चिनी उतारूचे आठवडे, महिने जात. काहींची जवळजवळ दोन वर्षे गेली. या ठाण्याचा बराचसा कारभार एका समाजाला देशाबाहेर ठेवण्याच्या कायद्यासाठीच चालत असे.

तो कायदा 1882 चा. रेल्वे आणि खाणींसाठी आणलेले चिनी मजूर मंदीच्या काळात गोऱ्या कामगारांच्या डोळ्यांत सलू लागले आणि अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, राजनैतिक अधिकारी आणि प्रवासी एवढ्यांना सूट होती. बंदी आधी दहा वर्षांपुरती होती, पुढे ती वाढवली आणि नंतर बेमुदत झाली. मात्र वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1898 मध्ये ठरवले, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल आईबाप चिनी असले तरी अमेरिकेचे नागरिक आहे. नागरिकाच्या परदेशात जन्मलेल्या मुलांनाही नागरिकत्व मिळत असे. चिनी मजुराला एवढी एकच फट उरली होती.

18 एप्रिल 1906 च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी जळाल्या आणि ती फट रुंदावली. आपण याच शहरात जन्मलो असे कोणी सांगितले, तर ते खोडून काढायला कागद उरला नव्हता. असा ‘नागरिक’ चीनला जाऊन परतला, की तिकडे मुलगा झाल्याची नोंद करी. मुलगा खरा असो वा नसो, कागदावर एक जागा तयार होई आणि ती नात्यातल्या किंवा गावातल्या एखाद्या तरुणाला विकता येई. अशा मुलांना कागदी पुत्र म्हणत. याला सरसकट लबाडी म्हणणे सोपे आहे; पण वंश पाहून दार लावणाऱ्या कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती, हेही त्याबरोबरच सांगायला हवे.

अधिकाऱ्यांना हा प्रकार ठाऊक होता. बाप-लेकाच्या नात्याचा कागदी पुरावा नव्हता, म्हणून त्यांनी जबान्यांचा मार्ग धरला. तपासनीस, लघुलेखक आणि दुभाषा यांच्यासमोर उतारूला बसवत. घराचे दार कोणत्या दिशेला आहे? विहीर किती अंतरावर आहे? तांदूळ कुठे साठवतात? शेजाऱ्याला मुलगे किती? आजीचे पाय चिनी प्रथेप्रमाणे बांधून लहान केलेले होते का? प्रश्नांची संख्या शेकड्यांत जाई आणि जबानी कधी दोन-तीन दिवस चाले. मग तेच प्रश्न अमेरिकेतल्या बापाला, भावाला, साक्षीदारांना विचारत. उत्तरांत तफावत आली की अर्ज फेटाळला जाई. त्यावर वॉशिंग्टनकडे अपील करता येई.

अशा परीक्षेत सख्खा मुलगाही अडखळे. आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या घराच्या पायऱ्या बापाला कितीशा आठवणार? म्हणून खरे आणि कागदी असे दोघेही घोकंपट्टी करून येत. प्रश्नोत्तरांच्या वह्या जहाजावर पाठ करून किनारा येण्यापूर्वी समुद्रात फेकत. नंतर काही विसंगती निघालीच, तर स्वयंपाकघरातले चिनी कामगार शहरातून चिठ्ठ्या आणून देत.

ठाण्याच्या रचनेतही वर्णभेद होता. गोरे आणि आशियाई, तसेच पुरुष आणि स्त्रिया वेगळे ठेवत. नवरा-बायकोलाही भेटू देत नसत. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बहुधा जहाजावरच उरकून त्यांना थेट शहरात जाऊ देत. वैद्यकीय तपासणीत हूकवर्मसारख्या जंतांसाठी विष्ठा तपासत आणि जंत निघाले तर परत पाठवण्याची वेळ येई. जेवणाबद्दल कायम तक्रारी असत, एकदा त्यावरून दंगलही झाली. 1920 च्या दशकात चिनी बंद्यांनी स्वतःची संघटना काढली.

बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी अभिजात चिनी छंदांत कविता लिहिल्या आणि कोरल्या. बहुतेकांखाली नाव नाही. घरची ओढ, कर्ज, अपमान आणि चीनच्या दुबळेपणाबद्दलची चीड हे त्यांचे विषय. अधिकाऱ्यांनी भिंतींवर लांबी (पुट्टी) भरून रंग फासला, पण अक्षरे पुरती बुजली नाहीत.

हिंदी म्हणजे भारतीय लोकांची संख्या चिनी व जपानी यांच्या तुलनेत थोडी, पण नकाराचे प्रमाण फार मोठे होते. त्यांत बहुसंख्य पंजाबी शीख असले तरी सर्वांनाच ‘हिंदू’ म्हणत. चिन्यांसारखा खास बंदी कायदा त्यांच्याविरुद्ध नव्हता. त्यामुळे ‘हा माणूस सरकारवर भार होईल’ हे सैल कलम किंवा जंतांचे निदान कामी येई. आशियाई लोकांना येऊ देऊ नये म्हणणाऱ्या आशियाई बहिष्कार लीगने ठाण्याचे आयुक्त हार्ट नॉर्थ हिंदी लोकांबाबत मवाळ आहेत अशी ओरड केली आणि त्यांना पद गमवावे लागले. 1917 च्या कायद्याने बहुतेक आशियाच वर्ज्य ठरवला. पेशावरचे वैष्णो दास बगाई 1915 मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह येथे उतरले. पुढे नागरिकही झाले. 1923 च्या भगतसिंग थिंद खटल्यात हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही असा निकाल लागला आणि बगाईंचे नागरिकत्व गेले. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. याच किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांत 1913 मध्ये ब्रिटिश राज्य उलथवू पाहणारी गदर चळवळ उभी राहिली. पांडुरंग खानखोजे आणि विष्णू गणेश पिंगळे हे मराठी तरुण तिच्यात होते.

ऑगस्ट 1940 मध्ये प्रशासकीय इमारत जळाली आणि त्याच वर्षी ठाणे शहरात हलवले. दुसऱ्या महायुद्धात चीन अमेरिकेचे दोस्त राष्ट्र ठरल्यावर 1943 मध्ये चिनी बंदीचा कायदा रद्द झाला, पण वर्षाला जेमतेम 105 जणांचा कोटा मिळाला. पुढे बेट राज्य उद्यान झाले. बराक पाडायच्या बेतात असताना 1970 मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यान-रक्षकाला भिंतींवरची अक्षरे दिसली. चिनी-अमेरिकन समाजाने इमारत वाचवण्यासाठी चळवळ केली आणि 1997 मध्ये ठाण्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

कागदी पुत्रांपैकी अनेकांनी 1956 नंतर सरकारच्या कबुली योजनेत खरी नावे सांगितली. बाकीच्यांच्या घरांत विकतचे आडनाव तसेच पुढे चालले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात त्या जबान्यांच्या हजारो फायली आहेत. नातवंडे आता त्यांतून आपल्या मूळ गावाचा माग काढतात. मात्र त्यातले कोणते उत्तर खरे आणि कोणते पाठ केलेले, हे त्यांनाही जुळवून पाहावे लागते.