पार्श्वभूमी : आरपीजीतली गावं, दुकानांच्या यादीपासून नांदत्या वस्तीपर्यंत

नवी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा खेळ) आली की जाहिरातीत आकडे झळकतात: नकाशा एवढा मोठा, पात्रं इतकी, घरं तितकी. खेळणाऱ्यांच्या मनात मात्र वर्षानुवर्षं घर करून राहते ती एखादी लहानशी वस्ती. या प्रकाराचा चार दशकांहून जास्त इतिहास पाहिला तर माझं मत पक्कं होत जातं: ज्या गावाला आपल्यावाचून स्वतःचा संसार असतो आणि परत आल्यावर जे बदललेलं दिसतं, तेच गाव लक्षात राहतं.

१९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला, तेव्हा गावाचा मुख्य उपयोग भुयारात उतरण्याआधी सामान घेण्यापुरता होता. संगणकावर तेच आलं. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त गाव चितारलेलंच नाही. काळ्या पडद्यावर नुसती नावांची यादी: गिल्गमेशचा गुत्ता, बोल्टॅकचं दुकान, मुक्कामाची सराई, कँटचं देऊळ. तरीही ते देऊळ जुने खेळाडू विसरत नाहीत. भुयारात मेलेला साथीदार तिथं न्यायचा, सोनं मोजायचं आणि पुजाऱ्यांचा विधी लागू पडतो का ते बघायचं. फसला तर त्याची राख. राखेवरचा विधीही फसला तर तो साथीदार कायमचा गेला. चित्राचा पत्ता नाही, पण दारात पाऊल टाकताना छातीत धडधडतं.

गावाला स्वतःचं मन दिलं ते रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा’ मालिकेनं. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’मध्ये आठ सद्गुण आहेत आणि प्रत्येकाचं एक गाव. नम्रतेचं गाव मॅजिंशिया, ते गर्वापायी उद्ध्वस्त झालेलं. तिथं आता भुतं भटकतात. उपदेशाचं एक वाक्यही न बोलता ते गाव सगळं सांगून जातं. १९८८ च्या पाचव्या भागात रहिवाशांना दिनक्रम मिळाला: उठणं, कामावर जाणं, जेवणं, झोपणं. पुढं १९९२ च्या सातव्या भागात तर पाव भाजता येतो. टेबलावर पीठ टाकायचं, बादलीतलं पाणी ओतायचं, गोळा झाला की भट्टीत ठेवायचा. कथेला याची काडीचीही गरज नाही, आणि म्हणूनच तिथं कोणीतरी राहतं हे पटतं.

जपानमध्ये वाट वेगळी निघाली. १९८६ चा पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ अवघ्या ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला. एकेका गावकऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक-दोन वाक्यं, पण त्या वाक्यांतून पुढच्या मुलखाची खबर मिळायची. तिथलंच डोमडोरा हे गाव ओस पडलेलं. माणसं नाहीत, फक्त राक्षस. इतर गावांत गप्पा मारायची सवय लागलेली असते, म्हणून ती शांतता अंगावर येते. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’नं हेच सूत्र फार मोठ्या प्रमाणावर वापरलं. मिडगार शहर आठ सेक्टरांत वाटलेलं, वर पोलादी प्लेट, खाली झोपडवस्ती. सातव्या सेक्टरच्या वस्तीत खेळाडू रुळतो न रुळतो तोच शिनरा कंपनी वरची प्लेट तिच्यावर पाडते.

मधल्या काळात आकाराचा प्रयोगही झाला. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या १९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्ये गावं, शहरं आणि भुयारं मिळून सुमारे १५,००० ठिकाणं होती, बहुतेक संगणकानं नियमांवरून घडवलेली. यातलं कुठलंही एक गाव दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येणं कठीण. त्याच मालिकेच्या २००२ मधल्या ‘मोरोविंड’नं मुलूख लहान केला आणि बहुतेक सगळा हातानं रचला. व्हिवेक शहरावर एक प्रचंड शिळा अधांतरी लटकते. शहराच्या देवानं ती पडता पडता रोखून धरली आहे अशी श्रद्धा, आणि पुरोहितांनी ती आतून पोखरून तिथं तुरुंग केला आहे. धर्म, सत्ता, भीती, सगळं त्या एका दगडात. आजवर पाहिलेली सर्वांत अस्सल कल्पना म्हणून मी याच शहराकडे बोट दाखवेन.

परतीचा उत्तम दाखला ‘फॉलआउट’चा. १९९७ च्या पहिल्या भागात शेडी सँड्स हे मातीच्या घरांचं खेडं. तिथल्या सरपंचाची मुलगी टँडी, जिला आपण लुटारूंच्या तावडीतून सोडवू शकतो. १९९८ चा दुसरा भाग ८० वर्षांनंतर घडतो, तेव्हा ते खेडं एका प्रजासत्ताकाची राजधानी झालेलं असतं आणि राष्ट्राध्यक्ष असते म्हातारी टँडी. त्याच वर्षीच्या ‘सुइकोडेन २’मध्ये आपला पडका किल्ला १०८ साथीदारांपैकी एकेक जण येईल तसा भरत जातो, कोणी स्वयंपाकघर मांडतो, कोणी दुकान.

अलीकडचा ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) जवळजवळ सगळा मार्टिनेझ या एकाच बंदराच्या मोहल्ल्यात घडतो. गोदीत संप चालू आहे, भिंतींवर जुन्या क्रांतीतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत आणि तोफगोळ्यानं पडलेल्या खड्ड्याजवळ दोन म्हातारे चेंडूंचा डाव मांडून एकमेकांशी भांडत असतात. एवढ्याशा जागेसाठी दहा लाखांहून अधिक शब्द लिहिले गेले, आणि २०२१ च्या आवृत्तीत त्यांना आवाजही मिळाला.