जाहिरात पोचली, पण मुलांनी काय घेतलं?

अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळात, किशोरवयीनांनी गांजाला हात लावू नये म्हणून सरकारने जाहिरातींची प्रचंड मोहीम चालवली. खर्च जवळपास शंभर कोटी डॉलर. पोचण्यात काही कमी पडलं नाही. बहुतेक मुलांना आठवड्याला दोन-तीन जाहिराती दिसत होत्या. तरीही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गांजाचं सेवन घटल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट, जाहिराती जास्त पाहणाऱ्यांमध्ये ‘आपल्या वयाची बरीच मुलं गांजा ओढतात’ असा समज वाढलेला दिसला. या वयात इतर मुलं काय करतात याचं वजन उपदेशापेक्षा फार मोठं असतं.

म्हणून ‘तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात’ असली वाक्यं व्यसनविरोधी जाहिरातीतून आधी काढा.

मग ठेवायचं काय? २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘द रिअल कॉस्ट’ ही किशोरवयीनांसाठीची धूम्रपानविरोधी मोहीम सुरू केली. तिच्या एका जाहिरातीत मुलगी दुकानात सिगारेटचं पाकीट मागते. पैसे कमी पडतात, तेव्हा ती गालाची कातडी सोलून काउंटरवर ठेवते. तिथे चाळिसाव्या वर्षी होणाऱ्या कर्करोगाचं नाव नाही; आजच्या चेहऱ्याची किंमत आहे. पहिल्या दोन वर्षांत ११ ते १८ वयोगटातली सुमारे साडेतीन लाख मुलं सिगारेटच्या वाटेला गेली नाहीत, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात निघाला.

आपल्याकडे मावा-गुटख्यावर अशी जाहिरात करताना व्हिडिओ उभा ठेवा, १०८० बाय १९२० पिक्सेलचा. यूट्यूबवर ‘स्किप’चं बटण पाच सेकंदांनी येतं, म्हणून गुटख्यामुळे न उघडणारा जबडा त्याआधीच दिसायला हवा. मंत्र्यांचे फोटो आणि संस्थांची बोधचिन्हं सुरुवातीला लावली की ती पाच सेकंदं तिथेच संपतात. आवाज बंद असला तरी कळावं म्हणून मजकूर पडद्यावर मोठ्या अक्षरात द्या. शेवटी एकच कृती सांगा: तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक.

मुलांच्या आवडीनिवडींवर पाळत ठेवून त्यांना गाठता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर २०२३पासून अल्पवयीनांसाठी फक्त वय आणि ठिकाण निवडता येतं. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. शिवाय अनेक मुलं वडिलांच्या फोनवर असतात, तिथे खात्यावरचं वय पंचेचाळीस.

पण ठिकाण निवडता येतं, आणि परिणाम मोजायला तेवढं पुरतं. सारख्या आकाराच्या शहरांच्या जोड्या लावा आणि चिठ्ठी टाकून प्रत्येक जोडीतल्या एकाच शहरात जाहिरात दाखवा. मोहिमेच्या आधी आणि नंतर दोन्हीकडच्या शाळांत निनावी प्रश्नावली भरून घ्या. त्यात स्वतःच्या सवयीबरोबर ‘तुमच्या वर्गातले दहापैकी किती जण तंबाखू खात असतील?’ हा प्रश्न हवाच. जाहिरातीच्या शहरांत हे उत्तर चढलं, तर व्ह्यूज कितीही असोत, ती जाहिरात त्याच दिवशी थांबवावी.