मायमो आणि मॅसिव्ह मायमो

प्रेषक आणि ग्राही या दोन्ही टोकांना एकापेक्षा अधिक अँटेना बसवून एकाच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर), एकाच क्षणी अनेक स्वतंत्र माहितीप्रवाह पाठवण्याच्या तंत्राला मायमो म्हणतात. ‘मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. टॉवरवरील अँटेनांची संख्या चार-आठवरून चौसष्ट किंवा त्याहून पुढे नेली आणि त्या सगळ्यांनी मिळून एकाच वेळी अनेक ग्राहकांना वेगवेगळे संकेत पाठवले, की त्या व्यवस्थेला मॅसिव्ह मायमो म्हटले जाते. ५जी जाळ्यांची वाढलेली क्षमता मुख्यतः दोन गोष्टींतून आली आहे : अधिक रुंद कंप्रतापट्टे आणि हे तंत्र. बाकीच्या अनेक सुधारणा उपयुक्त असल्या, तरी त्यांचे स्थान दुय्यम आहे.

या तंत्राची गरज का पडली, हे लिलावाच्या आकड्यांवरून लक्षात येते. भारतात २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे कंप्रतापट्ट्यांच्या, लिलावात दूरसंचार कंपन्यांनी एकूण १,५०,१७३ कोटी रुपयांची बोली लावली. कंप्रतापट्टा कारखान्यात तयार करता येत नाही. आहे तोच वाटून घ्यावा लागतो. मग त्याच पट्ट्यातून अधिक माहिती पाठवायची, तर प्रेषणाची शक्ती वाढवावी असे वाटणे साहजिक आहे. परंतु माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार हा व्यवहार फारच महागात पडतो. संकेताची शक्ती गोंगाटाच्या १५ पट असताना दर हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त ४ बिट पाठवता येतात. ५ बिट पाठवायचे, तर तीच शक्ती गोंगाटाच्या ३१ पट करावी लागते. शक्ती दुपटीहून अधिक, लाभ मात्र चतुर्थांश. याउलट, दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना असतील, तर अनुकूल परिस्थितीत एकूण शक्ती तितकीच ठेवूनही क्षमता जवळजवळ दुप्पट होते.

तत्त्व : खोलीच्या एका कोपऱ्यात मोबाईलला रेंज मिळत नाही आणि तोच वीतभर सरकवला की बोलणे सुरळीत सुरू होते, हा अनुभव घरोघरचा आहे. टॉवरकडून निघालेला तरंग मोबाईलपर्यंत एकाच वाटेने येत नाही. समोरच्या इमारतीची भिंत, गच्चीवरची पाण्याची टाकी, रस्त्यावरची बस, खिडकीचे गज यांवर आदळून त्याच्या अनेक प्रती थोड्याथोड्या विलंबाने पोहोचतात. त्यांचे उंचवटे जिथे जुळतात तिथे संकेत बळावतो आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडतो तिथे दोघी एकमेकींना पुसून टाकतात. ३.५ गिगाहर्ट्झ कंप्रतेला तरंगलांबी सुमारे ८.६ सेंमी असते. त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरांच्या अंतरातही चित्र पालटू शकते. रेडिओ अभियंत्यांनी या बहुमार्गी प्रसारणाकडे कित्येक दशके निव्वळ उपद्रव म्हणून पाहिले. मायमोने त्याच उपद्रवाचे भांडवल केले.

हे कसे घडते, ते शाळेतल्या एकसामयिक समीकरणांवरून स्पष्ट होईल. टॉवरच्या दोन अँटेनांनी एकाच वेळी क्ष आणि य या दोन संख्या पाठवल्या, असे मानू. मोबाईलच्या पहिल्या अँटेनाला त्यांची सरमिसळ होऊन २क्ष + य = ७ असा संकेत मिळाला आणि तिच्यापासून काही सेंटिमीटर दूर असलेल्या दुसऱ्या अँटेनाला क्ष + ३य = ११ असा मिळाला, तर क्ष = २ आणि य = ३ हे उत्तर निःसंदिग्धपणे निघते. सहगुणक वेगवेगळे आहेत, कारण दोन्ही अँटेनांपर्यंत तरंग वेगवेगळ्या वाटांनी पोहोचले आहेत. हे सहगुणक कळावेत म्हणून प्रेषक अधूनमधून दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असलेले पायलट संकेत पाठवतो. मात्र टॉवर आणि मोबाईल यांच्यामध्ये मोकळे माळरान असेल आणि तरंग सरळ एकाच दिशेने येत असतील, तर दुसरे समीकरण ४क्ष + २य = १४ असे, म्हणजे पहिल्याचीच दुप्पट होऊन बसते आणि उत्तर काढणे अशक्य होते. म्हणून एकाच मोबाईलकडे अनेक प्रवाह न्यायचे असतील, तर उघड्या रानापेक्षा इमारतींच्या गर्दीत हे तंत्र अधिक फळते. मोकळ्या जागी निदान दोन प्रवाह मिळावेत यासाठी अँटेना एकमेकींशी काटकोनात, परस्परविरुद्ध दिशांना ४५ अंश कलत्या बसवून दोन भिन्न ध्रुवणांचा, म्हणजे तरंगाच्या कंपनाच्या दोन दिशांचा, उपयोग करतात.

प्रत्यक्षात रुंद पट्ट्यात प्रत्येक कंप्रतेचे सहगुणक निराळे असतात. ही अडचण ओएफडीएम या पद्धतीने सुटते. तीत पट्टा अनेक अरुंद उपवाहकांत विभागला जातो आणि प्रत्येक उपवाहकापुरते साधे समीकरण पुरते. ५जीच्या १०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहकात उपवाहकांमधील अंतर ३० किलोहर्ट्झ असताना ३,२७६ उपवाहक बसतात आणि त्या प्रत्येकावर सेकंदाला २८,००० चिन्हे जातात. समीकरणे सोडवण्याचे हे काम दर वेळी नव्याने करायचे असते, म्हणून स्वस्त आणि वेगवान चिप उपलब्ध होईपर्यंत मायमो कागदावरच राहिले.

इतिहास : या कल्पनेचे पहिले महत्त्वाचे पेटंट ए. पॉलराज आणि टॉमस कैलाथ यांच्या नावावर आहे. त्याचा अर्ज १९९२ मध्ये करण्यात आला आणि १९९४ मध्ये ते मंजूर झाले. दोघांचेही शिक्षण पुणे परिसरात झाले. कैलाथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्याचा. दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९५६ मध्ये पुणे विद्यापीठातून घेतली आणि पुढे एमआयटीमार्गे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. पॉलराज मूळचे तमिळनाडूतील पोल्लाचीचे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते नौदलात आले आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. १९७१ च्या युद्धात ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाल्यानंतर नौदलाने सोनार, म्हणजे ध्वनीवरून पाण्याखालच्या वस्तू शोधणारे यंत्र, सुधारण्याचे काम हाती घेतले. पॉलराज त्यात होते आणि पुढे ‘अप्सोह’ हा स्वदेशी सोनार त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. सोनारमध्येही अनेक संवेदक ओळीने मांडून, समुद्राच्या तळावरून व पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रतिध्वनींच्या गर्दीतून हवा तो आवाज वेगळा काढायचा असतो. पाण्याखालची ही विद्या आणि हवेतील रेडिओ तरंगांचे पृथक्करण यांत गणिताच्या दृष्टीने जवळचे नाते आहे, हे पॉलराज यांचा प्रवास पाहताना ध्यानात ठेवावे. २०१४ चा मार्कोनी पुरस्कार त्यांना मिळाला.

क्षमतेचा सैद्धांतिक पाया बेल लॅब्जमधील एमरे तेलातार आणि जेरार्ड फोशिनी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास घातला. उद्योगजगताने या कल्पनेकडे प्रारंभी साशंकतेने पाहिले. परंतु २००९ मध्ये मंजूर झालेल्या वायफायच्या ८०२.११एन या मानकाने आणि ४जीच्या एलटीई तंत्राने ती रोजच्या वापरात आणली. ‘मॅसिव्ह’चा टप्पा २०१० मध्ये बेल लॅब्जच्याच टॉमस मार्झेटा यांच्या शोधनिबंधाने सुरू झाला. टॉवरवरील अँटेनांची संख्या वाढवत नेली, तर गोंगाट आणि संकेताचे बारीक चढउतार यांचा परिणाम सरासरीत विरून जातो, असे त्यांनी दाखवले.

मॅसिव्ह मायमोची घडण : शहरांतील गच्च्यांवर आता जुन्या लांबट, निमुळत्या अँटेनांच्या शेजारी रुंद, चपट्या पेट्या दिसतात. अशा एका पेटीच्या दर्शनी आवरणाखाली सामान्यतः १९२ छोटे अँटेना-घटक ओळींनी मांडलेले असतात आणि ते ६४ प्रेषक-ग्राही मंडलांना (सर्किटना) गटागटाने जोडलेले असतात. प्रत्येक मंडलातून जाणाऱ्या तरंगाची कला (फेज) किंचित मागेपुढे केली, की सर्वांचे उंचवटे एका ठरावीक दिशेलाच जुळतात आणि तिकडे शक्तीचा झोत तयार होतो. यातले काहीही यांत्रिक रीतीने हलत नाही. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर आठ स्तंभ असतील, तर झोताची आडवी रुंदी सुमारे १३ अंश भरते. एकाच कंप्रतेवर एक झोत रस्त्यावरच्या ग्राहकाकडे आणि दुसरा त्याच रस्त्यावरील इमारतीच्या दहाव्या मजल्यावर, अशी एकाच वेळची वाटणी त्यामुळे शक्य होते.

झोत नेमका कुठे टाकायचा, हे कळण्यासाठी टॉवरला प्रत्येक ग्राहकापर्यंतच्या वाटांचे सहगुणक माहीत असावे लागतात. ६४ अँटेनांनी क्रमाने पायलट पाठवायचे आणि मोबाईलने उत्तरे परत कळवायची, तर बराचसा वेळ त्यातच जाईल. त्यामुळे उलटा मार्ग सोयीचा ठरतो. जाण्या-येण्यासाठी एकच कंप्रता वापरून फक्त वेळ वाटून घ्यायची, आणि पायलट मोबाईलने पाठवायचा. एकाच कंप्रतेवर वाटा दोन्ही दिशांनी सारख्याच असतात, म्हणून येताना मोजलेले सहगुणक जातानाही चालतात. भारतात ५जीसाठी वापरला जाणारा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा असाच वेळवाटणीचा आहे. पण मोजमाप फार काळ टिकत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमी वेगाने जाणारी मोटार अर्धी तरंगलांबी सुमारे दीड मिलिसेकंदात ओलांडते, आणि तोवर जुने सहगुणक शिळे झालेले असतात. ग्राहक जितका वेगवान, तितके पायलट वारंवार पाठवावे लागतात, आणि माहितीसाठी उरणारा वेळ तितका आक्रसतो. शिवाय पायलटची संख्या मर्यादित असल्याने शेजारच्या टॉवरच्या क्षेत्रात तेच पुन्हा वापरावे लागतात. मग टॉवरला दोन ग्राहकांचे पायलट मिसळून ऐकू येतात आणि आपल्या ग्राहकासाठी टाकलेल्या झोताचा काही भाग परक्याच्या अंगावर जातो. मार्झेटा यांच्या विश्लेषणात अँटेना अमर्याद वाढवल्यानंतरही शिल्लक राहणारी अडचण हीच होती.

मिलिमीटर तरंग : २६ गिगाहर्ट्झच्या आसपास मोकळे, रुंद पट्टे उपलब्ध आहेत. या प्रदेशातील प्रयोग भारतात फार पूर्वी झाले आहेत. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९० च्या दशकात मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी निर्माण करून त्यांचे परावर्तन व ध्रुवण अभ्यासले होते. २६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ११.५ मिमी असते. अँटेना तितकीच लहान होत असल्यामुळे ३.५ गिगाहर्ट्झच्या मानाने ती पन्नासपटीहून कमी ऊर्जा गोळा करते. मात्र लहान असल्यामुळेच २५६ घटक तळहाताएवढ्या चौरसात मावतात आणि झोत केंद्रित करून ही तूट भरून काढता येते. पाऊस या तरंगांना पूर्णपणे अडवतो, असा समज आहे. दोनशे मीटरांच्या अंतरात मुसळधार पावसानेही होणारी घट सोसण्याजोगी असते. खरा अडथळा भिंतीचा, झाडाच्या पानांचा आणि मोबाईल धरणाऱ्याच्या स्वतःच्या पंजाचा असतो. त्यामुळे या पट्ट्यावर सर्वत्र रेंज देण्याची अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे. मैदाने, स्थानके आणि घरातील स्थिर जोडण्या हेच त्याचे क्षेत्र आहे.

मर्यादांपैकी वीजखर्च सर्वांत ठळक आहे. प्रत्येक मंडलाला स्वतंत्र प्रवर्धक आणि अंकीय रूपांतरक लागतो. मिलिमीटर तरंगांसाठी शेकडो घटकांमागे तितकी मंडले परवडत नाहीत, म्हणून थोड्याच मंडलांना अनेक घटक जोडून कलाबदलाचे काम अंशतः अनुरूप (अॅनालॉग) मंडलांवर सोपवतात. पहाटे वापर कमी असताना काही मंडले बंद ठेवण्याची सोयही केली जाते.

पुढील पिढी : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ६जीची, म्हणजेच आयएमटी-२०३० ची, चौकट संमत केली. भारत सरकारचा ‘भारत ६जी’ दृष्टिपत्र त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध झाला होता. अभ्यासकांपुढे तीन दिशा आहेत. पहिली, ७ ते १५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात याहूनही मोठे अँटेनासंच वापरण्याची. संच इतके मोठे, की जवळच्या ग्राहकाकडे जाणारा तरंग सपाट मानता येत नाही आणि झोत दिशेप्रमाणेच अंतरावरही केंद्रित करता येतो. दुसरी, परावर्तनाची दिशा बदलता येणारे पृष्ठभाग भिंतींवर बसवण्याची. ही कल्पना आकर्षक असली, तरी तिचा प्रत्यक्ष लाभ बहुधा मोजक्या जागांपुरताच राहील. तिसरी दिशा अधिक मूलगामी आहे. तीत एका टॉवरवर चौसष्ट अँटेना एकवटण्याऐवजी त्या खांबाखांबांवर विखुरल्या जातात, टॉवरागणिक क्षेत्रांच्या सीमाच उरत नाहीत आणि प्रत्येक ग्राहकाला भोवतालच्या अनेक अँटेना मिळून सेवा देतात. क्षेत्राच्या कडेला वेग घसरण्याची जुनी तक्रार त्यामुळे पुष्कळशी दूर होऊ शकेल. पण झोत जुळवायचा, तर सर्वांची कला जुळलेली हवी. ३.५ गिगाहर्ट्झचे एक आवर्तन सुमारे ०.२९ नॅनोसेकंदात पूर्ण होते, आणि वेगवेगळ्या खांबांवरील घड्याळे त्याच्याही लहानशा अंशापर्यंत एकमेकांशी जुळलेली ठेवावी लागतात.