नऊ बाइटांत मावणारा हात

कारखान्याच्या दारावर कामगार आपला क्रमांक दाबतो, चकचकीत पट्टीवरील खुंट्यांमध्ये बोटे बसवून हात टेकवतो आणि साधारण एका सेकंदात त्याची हजेरी लागते. हे यंत्र ठसे घेत असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते ठशांकडे किंवा तळहाताच्या रेषांकडे पाहतही नाही.

अवरक्त प्रकाशात वरचा कॅमेरा हाताची केवळ काळी छायाकृती टिपतो आणि बाजूच्या आरशामुळे त्याच चित्रात हाताची जाडीही दिसते. त्यातून बोटांची लांबी, रुंदी, जाडी अशी सुमारे नव्वद मापे काढली जातात. डेव्हिड सिडलॉस्कस यांना अशा त्रिमितीय मापनाचे अमेरिकी पेटंट 1988 मध्ये मिळाले. पण हात मापून हजेरी घेण्याचा प्रयोग न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर 1970 च्या दशकातच झाला होता.

मला या तंत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची मितव्ययी स्मृती. या घराण्यातील प्रचलित यंत्रे सगळ्या मापांचे सार अवघ्या नऊ बाइटांत साठवतात, म्हणजे एक लाख कर्मचाऱ्यांची नोंद एका मेगाबाइटहूनही कमी जागेत मावते. इतक्या त्रोटक माहितीवरून हाताचे चित्र पुन्हा उभे करता येत नाही. अर्थात, दोन माणसांच्या हातांची मापे जवळजवळ सारखी असू शकतात, त्यामुळे गर्दीतून एखाद्याला हुडकून काढणे या यंत्राला जमत नाही आणि म्हणूनच ते आधी क्रमांक विचारते. ‘हा हात त्याच क्रमांकाच्या माणसाचा आहे का?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याला द्यायचे असते, आणि मित्राच्या नावावर हजेरी लावण्याचा प्रकार थांबवायला तेवढे सहसा पुरते.

सिमेंट, विटा किंवा रसायने हाताळून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांना ठशांची यंत्रे वारंवार नाकारतात. छायाकृतीला त्या झिजेने फरक पडत नाही. काळानुसार हात थोडा बदलतो, म्हणून ओळख पटली की साठवलेली मापेही किंचित सुधारून घेतली जातात. सुजलेले बोट किंवा बँडेज मात्र यंत्राला चकवते, आणि अशा दिवशी त्या कामगाराची रोजी बुडू नये यासाठी पर्यवेक्षकाने हाताने नोंद करण्याची सोय प्रत्येक ठिकाणी असलीच पाहिजे.