टोमॅटोचा भाव, तारेवरची ठिणगी आणि जीएमआरटीचा मीडियन

जानेवारी २०२३ मध्ये "पुण्याजवळच्या दुर्बिणीला एलियनचा सिग्नल मिळाला" असे फॉरवर्ड फिरत होते, माझ्याकडे तर ते तीन ग्रुपवरून आले. एलियन वगैरे काही नव्हतं. खोडदच्या जीएमआरटीने, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या दुर्बिणीने, ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी पकडल्या होत्या. मूळ १४२० मेगाहर्ट्झच्या लहरी विश्वाच्या प्रसरणाने ताणल्या जाऊन आपल्यापर्यंत ६२० च्या आसपास येऊन पोचल्या. खरी बातमीच इतकी भारी असताना त्यात एलियन कशाला घुसवायचे हे मला कळत नाही.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलाय. आपल्या इथल्या रेडिओ गोंगाटात हा इतका क्षीण आवाज ऐकू येतो तरी कसा? चंद्रावर एक साधा मोबाइल चालू ठेवला तर तो रेडिओ आकाशातल्या बहुतेक सगळ्या स्रोतांपेक्षा प्रखर दिसेल, आणि इथे तर मोबाइल, टॉवर, शिवाय विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या हे सगळं शेजारीच आहे. म्हणजे दुर्बिणीला आकाश बघता बघता स्पेक्ट्रमवर सतत पहाराही ठेवावा लागतो.

आता हिशोब बघा. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, प्रत्येकीचे दोन पोलरायझेशनचे (लहरीच्या कंपनाच्या दोन दिशांचे) दोन सिग्नल, म्हणजे ६०. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्यायचा तर प्रत्येक सिग्नलचं त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८० कोटी वेळा मोजमाप, एकूण ४८ अब्ज आकडे दर सेकंदाला. "साठवू आणि निवांत बघू" हे इथे चालत नाही, त्यामुळे ठिणगी जागच्या जागी, एफपीजीए चिपवरच (आपल्याला हवं तसं सर्किट बसवता येणारी चिप) ओळखून काढावी लागते आणि तीही एफएफटीच्या, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींच्या चॅनलमध्ये फोडणाऱ्या गणिताच्या आधी, कारण एफएफटी झालं की ती एका क्षणाची ठिणगी सगळ्या चॅनलमध्ये पसरते.

ओळखायची कशी? सरासरी काढा आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (आकडे सरासरीभोवती साधारण किती विखुरलेत त्याचं माप) तिपटीपलीकडचं फेका, हे कॉलेजात शिकवलेलं उत्तर. नारायणगावच्या मार्केटमधलं उदाहरण घेऊ. समजा टोमॅटोच्या पाच क्रेटचे भाव लिहिले, २००, २१०, २२०, २३० आणि २४० च्या जागी चुकून २४०००. सरासरी आली ४९७२, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ९५१४. चुकीचा आकडा सरासरीपासून स्टँडर्ड डेव्हिएशनच्या फक्त दुप्पट दूर, म्हणजे तिपटीच्या आत, म्हणजे तो सुटला! चोराने स्वतःच्या वजनाने तराजूच वाकवला.

आता मीडियन, म्हणजे ओळीत लावल्यावर मधला येतो तो आकडा, २२०. प्रत्येक भाव २२० पासून किती लांब? २०, १०, ०, १०, २३७८०. यांचा परत मीडियन काढला तर १०. याला मॅड म्हणतात, मीडियन अ‍ॅब्सोल्यूट डेव्हिएशन. १.४८२६ ने गुणलं की नेहमीच्या घंटाकृती नॉइजसाठी तो स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बरोबरीला येतो, इथे साधारण १५. तिप्पट म्हणजे ४५, आणि २४००० ताबडतोब पकडला गेला. जीएमआरटीचा रिअल-टाइम फिल्टर याच मॅडवर उभा आहे.

पण मीडियनसाठी आकडे ओळीत लावायचे म्हणजे सॉर्टिंग, आणि या वेगाला सॉर्टिंग फार महाग पडतं. इथे एक युक्ती आहे जी मला प्रचंड आवडते. सॅम्पल, म्हणजे एकेक मोजमाप, ८ बिटचा असेल तर त्याच्या किमती फक्त २५६, मग सॉर्ट करायचंच कशाला, २५६ खाने करा आणि आकडा आला की त्याच्या खान्यात एक वाढवा, बास. एका टोकापासून खाने मोजत निघा, निम्मे आकडे झाले की तिथे मीडियन. आणि मॅडसाठी डेटा परत बघायचीही गरज नाही, मीडियनच्या खान्यापासून दोन्ही बाजूंना एकेक खाना सरकत जा, निम्मे आकडे आत आले की जितके खाने सरकलात तोच मॅड! गुणाकार नाही, वर्ग नाही, वर्गमूळ नाही, नुसती बेरीज आणि तुलना. आजकाल कुठल्याही कामाला "एआय लावा" म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर करून बघावं.

हे प्रत्येक अँटेनाचं वेगवेगळं चालतं, कारण एका डिशजवळची ठिणगी पाच-दहा किलोमीटरवरच्या डिशला दिसेलच असं नाही. आणि जे सुटतं त्यातलं बरंचसं डिशच्या जोड्यांचे सिग्नल गुणताना मरतं, कारण पृथ्वी फिरते तसा तारा सरकतो, त्याच्यासाठी डिले (सिग्नलला दिलेला उशीर) आणि फेज (लहर तिच्या चढउतारात कुठे आहे ते) सतत बदलत ठेवावी लागते, पण जमिनीवरचा ट्रान्समीटर जागचा हलत नाही, मग त्याची फेज या बदलात गरगर फिरते आणि सरासरीत पुसली जाते.

मॅडलाही मर्यादा आहेच, निम्म्याहून जास्त आकडे बिघडले तर मधला आकडाही बिघडलेलाच असतो. ठिणगी क्षणभराची म्हणून ती सापडते, पण टॉवरचा सिग्नल अखंड चालू असतो, त्याला या वाटेने पकडता येत नाही. त्यासाठी एफएफटी झाल्यावर चॅनलनुसार वेगळी गाळणी लागते.