वाटी आहे, फोटोत दिसत नाही

गेल्या महिन्यात ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारा माझा पावणेदोन वर्षांचा भाचा पलंगावरून पडला. पाय टेकवेना म्हणून एक्स-रे काढला. तो मोबाइलवर पाहून नौपाड्याहून आईचा फोन: "अरे, ह्याच्या गुडघ्याला वाटीच नाही! आणि मांडीच्या हाडाचा खालचा तुकडा सुटा झालाय."

हाड मोडलेलं नव्हतं. वाटीही जागेवर होती, फक्त कूर्चेची. नाकाचं टोक दाबलं की लागते तीच कूर्चा. एक्स-रे अडवायला कॅल्शियम लागतं आणि ते कूर्चेत फारसं नसतं, म्हणून फोटोत तिथे मोकळी जागा दिसते. वाटीत हाड दिसू लागतं साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी. मनगटातली आठ छोटी हाडं तर जन्मतः बहुधा एकही दिसत नाहीत. शेवटचं उगवायला नववं-दहावं वर्ष उजाडतं. एक्स-रेवरून मुलाचं वय ताडतात ते याच क्रमावरून.

आईला दिसलेला 'सुटा तुकडा' मात्र माझ्या फार आवडीचा. लांब हाडाचा मधला दांडा गर्भातच कठीण व्हायला लागतो. टोकांच्या कूर्चेत हाडाचं वेगळं बेट तयार होतं (आईचा 'सुटा तुकडा' तो हाच), आणि बेट व दांडा यांच्यामध्ये कूर्चेची पातळ चकती उरते. मूल उंच होतं ते या चकतीत.

तिच्यातल्या पेशी डब्यातल्या पोळ्यांसारख्या चळतीने रचलेल्या असतात. वरच्या पेशी विभागत राहतात, खालच्या फुगतात, कित्येक पट. हाडाची लांबी मुख्यतः या फुगण्यातून मिळते. फुगलेली पेशी आपल्याभोवती कॅल्शियमचे क्षार साठवू लागते आणि रासायनिक हाक देऊन रक्तवाहिन्यांना बोलावते. एरवी कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यांच्याबरोबर कूर्चा पोखरणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या पेशी येतात. बांधणाऱ्या पेशी आधी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे घालतात, मग त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसतात. सळया आधी, काँक्रीट नंतर. फुगलेल्या बहुतेक पेशी मरतात, काही चक्क स्वतःच हाड बांधणाऱ्या होतात. चळतीत वरून भर पडतच असते, त्यामुळे चकती पुढे सरकते आणि मागे हाड सोडत जाते.

फुगलेल्या पेशींना वेळेवर मरायला फॉस्फेट लागतं. ड जीवनसत्त्व कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. ते सावरायला गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक वाढतं आणि फॉस्फेट लघवीवाटे जातं. पेशी मरत नाहीत, चळत अस्ताव्यस्त वाढते, मनगटं रुंदावतात, पाय वाकतात. हाच मुडदूस. (दीड वर्षाच्या पोराच्या पायाला थोडा बाक असतोच, तो वेगळा.)

माझी बहीण भाच्याला रोज सकाळी बाविसाव्या मजल्यावर बंद स्लायडिंगच्या काचेआड उन्हात बसवायची. ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नाही. त्याला लागणारे अतिनील-बी किरण काच अडवते. तान्ह्या बाळांना डॉक्टर या जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिटचे थेंब देतात. तिने ते तीन महिन्यांतच बंद केले होते, कारण मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, तेलाने हाडं घट्ट होतात. मालिश जरूर करा, पोर छान झोपतं. पण हाड तेल पीत नाही. टाळूही तेलाने 'भरत' नाही. तिथे कूर्चेचा टप्पाच नसतो, पडद्यातच थेट हाड बनतं आणि कडांकडून पुढे येतं. पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षात बुजते. उंची वाढवणाऱ्या पावडरींचं तर काय सांगावं! सोळा-सतराव्या वर्षापर्यंत, मुलींत त्याआधीच, चकत्या हाडात विरतात. मग डबेच्या डबे रिचवा.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. तिला पटलं नाही. रविवारी ती घोडबंदरला गेली, नातवाला मांडीवर घेतलं, पाय सैल सोडायला लावून गुडघा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "सरकतंय खरं काहीतरी गोल."