'जेम्स बॉन्ड' हे पद नाही, माणूस आहे

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पानठेल्यावर हा वाद अजून मिटलेला नाही. ब्रिटिश गुप्तहेर जेम्स बॉन्डच्या 'नो टाइम टू डाय' या चित्रपटात (२०२१) बेटावर क्षेपणास्त्रं पडतात आणि बॉन्ड मरतो. हे निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "अबे, बॉन्ड म्हंजे पद हाय. एक मेला का दुसऱ्याले तेच नाव देतेत." नट बदलत गेले ते म्हणूनच, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९६९च्या चित्रपटात जॉर्ज लेझनबीच्या बॉन्डचं लग्न होतं आणि लगेच बायको ट्रेसीला गोळी लागते. १९८१च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'त रॉजर मूरचा बॉन्ड फुलं घेऊन तिच्याच कबरीवर जातो. दगडावर 'जेम्स बॉन्डची प्रिय पत्नी' असं कोरलंय. नट वेगळा, दुःख मात्र त्याच माणसाचं. मला तो प्रसंग आजही हलवतो. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) तर त्याच्या आईवडिलांची कबर दिसते, आडनाव बॉन्डच.

बदलतो तो ००७ हा गुप्तहेराचा नंबर. 'नो टाइम टू डाय'मध्ये तो नोमी या दुसऱ्या गुप्तहेराला मिळतो, नाव मिळत नाही. पोलीस पाटील बदलला म्हणून नवा माणूस जुन्याचं आडनाव लावतो का?

मग त्या चित्रपटाच्या शेवटी 'जेम्स बॉन्ड परत येईल' ही पाटी कशी? त्यातला बॉन्ड म्हणजे डॅनियल क्रेग; त्याच्या बॉन्डची कथा २००६च्या 'कसिनो रोयाल'पासून नव्यानं सुरू झाली. 'कसिनो रोयाल'मध्ये बॉन्ड पहिल्यांदा ००७ होतो. त्या कथेतला बॉन्ड खरोखर मेला. परत येईल तो दुसऱ्या कथेतला.